पागोटं उतरवलं तो दिवस

बाबा, आज नागपूरला विद्यापीठात माझं व्याख्यान झालं. विद्यार्थ्यांसाठी इथे मानववंशशास्त्राची एक व्याख्यानमाला असते, तीत बाहेरचे पाहुणे येऊन बोलतात. यंदा वऱ्हाडच्या चालीरीतींवर बोलायला कुणी मिळेना, म्हणून बुलढाण्याच्या शाळेतल्या संस्कृत शिक्षकाला बोलावलं. माणसांविषयी काही जाणून घ्यायचं तर घरात कुणीच बोलत नाही ती भाषा शिकवणाऱ्याला विचारावं, हा न्याय तुम्हाला आवडला असता. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, त्यामुळे हा कागद कुठे टाकायचा ते मला ठाऊक नाही. तरी लिहितो.

मी इथे शिकत असताना तुम्ही मोताळ्याहून भेटायला आला होतात. हीच व्याख्यानमाला, हेच दालन. त्या दिवशीचा पाहुणा कलकत्त्याचा, माणसांच्या डोक्यांची मापं घेणारा. त्याला नमुना म्हणून एक वऱ्हाडी शेतकरी हवा होता आणि दुभाषी म्हणून मी. नेमके त्याच सकाळी तुम्ही ज्वारीच्या कण्यांची पिशवी खांद्यावर घेऊन गाडीतून उतरलात. मी तुम्हाला खोलीवर न नेता सरळ व्याख्यानाला नेलं. प्राध्यापक खूश होतील, एवढाच हिशेब. कशासाठी नेतोय ते सांगायचीही तसदी घेतली नाही.

तुम्ही खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आहात. पाहुणा मापाचा लोखंडी चिमटा उघडतो, पागोटं काढायला सांगा म्हणून मला खुणावतो. मी सांगतो. तुमचा हात डोक्याकडे जातो आणि तिथेच थांबतो. घरात कुणी गेल्याशिवाय आपल्याकडे माणूस चारचौघांत डोकं उघडं करत नाही, हे मला जन्मापासून माहीत. तरी त्या क्षणी विसरलो. तुम्ही माझा हात धरलात आणि हळूच विचारलंत, "कोन गेलं बे? तार आली काय? माय तं बरी होती तुही."

"कोनी नाही गेलं, बाबा. निस्तं माप घेतेत."

"माप? टोपी शिवून देते काय हा मले?"

हे मात्र तुम्ही मोठ्यानं बोललात. पोरं हसली. पाहुण्यानं विचारलं, काय म्हणतात? मी म्हणालो, तयार आहेत. मग तुम्ही पागोटं उतरवून मांडीवर ठेवलंत. तो आकडे सांगत गेला, मी फळ्यावर लिहीत गेलो. तुमच्याकडे पाठ करून उभं राहण्याची तेवढीच सोय होती.

शेवटी आमच्या प्राध्यापकांनी सहज विचारलं, "हे तुमचे कोण?"

मी फळा पुसत राहिलो. पुसायचं काही उरलं नव्हतं तरी पुसत राहिलो. तेव्हा मागून तुमचा आवाज आला, "गाववाला व्हय जी मी यायचा. इकडं काम होतं, म्हनून आलतो."

घटकेपूर्वी मला बे म्हणणारे तुम्ही, आता परक्यासारखं 'यांचा' म्हणालात. संध्याकाळी स्टेशनावर तुम्ही एवढंच म्हणालात, "कन्या उन्हात ठेवजो. किडे पडतेत." मी हो म्हणालो. बाकी काहीच म्हणालो नाही, आणि पुढे म्हणायला तुम्ही फार दिवस ठेवले नाहीत.

आज रीतीचं उदाहरण म्हणून मी हीच गोष्ट सांगितली. टोपीला सगळे हसले. मीही थोडा हसलो. पुढच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, "सर, ते शेतकरी कोण होते?"

पिता या शब्दाच्या साऱ्या विभक्ती मी सतरा वर्षं पोरांकडून घोकून घेतोय. त्यातलं एकही रूप तोंडातून निघेना. लाज म्हणाल तर ती केव्हाच सरली आहे. मग का, ते मला खरंच कळत नाही. "आमच्या गावचे एक होते," मी म्हणालो. त्या दिवशी हे माझ्यासाठी तुम्ही बोलला होतात, बाबा. आज मी एकट्यानं बोललो.