तक्रार मंजूर

४ मार्च
नोकरी लागली! खिडकीजवळ टेबल, गोल फिरणारी खुर्ची, चहा फुकट. मालकांनी स्वतः ऑफिस दाखवलं, ढीगभर कागदांवर सह्या घेतल्या. बारीक होण्याची पावडर ऑनलाइन विकतात. इतकी गिऱ्हाइकं पैसे परत मागतात की बँकांनी यांना जोखमीचा धंदा ठरवलंय आणि कार्डावरचे पैसे जमा करून देणाऱ्या दोन कंपन्यांनी हात वर केलेत. तिसरी पारखून आणणं हे माझं काम. मालक म्हणाले, हे घरच समज. समजते की! यांचीच पावडर खाऊन माझी धाकटी बहीण गेली. ते मात्र इथे कुणाला ठाऊक नाही.

७ मार्च
दिवसभर फोन. एक कंपनी दर चढा लावते, दुसरी विक्रीतला दहावा हिस्सा सहा महिने अडकवून ठेवते, तिसरीने पावडरचं नाव ऐकताच फोन आपटला. मालकांना सगळ्यांतच खोट दिसते. अकाउंटंट काका हळूच म्हणाले, पोरी, आरसा सोडून सगळीकडे बघतात हे. काका मला आवडले.

११ मार्च
आज एका कंपनीचा माणूस आला. पाणीसुद्धा घेतलं नाही. दर निम्मा, अनामत काही नाही, जुन्या तक्रारीही तेच निकाली काढणार. मी विचारलं, भरपाई कशातून? तो म्हणाला, पैशात नाही. गिऱ्हाइकाचं जे गेलं तेच परत करतो, दुकान ज्याच्या नावावर त्याच्याकडून काढून. मालक दर ऐकूनच खूश, पुढचं ऐकतंय कोण! तो थट्टा करत नव्हता. माझ्या अंगावर काटा आला, आणि मग इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. शिफारस केली. मालकांनी सही ठोकली.

१९ मार्च
केस झडलेल्या एका बाईची तक्रार मंजूर झाली. मालक आज टोपी घालून आले. भुवयाही नाहीत. मी डबा चाटून पुसून खाल्ला.

२३ मार्च
मालकांच्या दाढा गेल्या. डावा कान गेला. एकही तक्रार मी अडवत नाही. बोबड्या बोलीत म्हणाले, ही कंपनी बदल गं. म्हटलं, बघते हं! मग आईला फोन केला. पावडर तिच्याच कार्डावरून घेतली होती. म्हटलं, तक्रार टाक, काय गेलं तिथे लिही, मुलगी. आईने विचारलं, खरंच परत येईल का गं ती? म्हटलं, ते माहीत नाही, पण हा मालक मेलाच म्हणून समज.

२५ मार्च
मला बढती. टाळ्या. काका नजर चुकवत होते. मग जिन्यात गाठून सांगितलं, मालकांनी दुकान माझ्या नावावर केलंय. अंगाशी आलं की हे असंच करतात, नवा माणूस पुढे. पहिल्या दिवशी घेतलेल्या सह्या, त्यातलीच एक—

२६ मार्च
आईची तक्रार मीच मंजूर करून बसलेय. त्या कंपनीच्या माणसाला विनवलं. म्हणाला, तक्रार ज्याची त्यानेच मागे घ्यायची. दुपारपर्यंत वेळ आहे. आई फोन उचलत नाही—

उचलला. सगळं सांगितलं. मागे घे म्हटलं. आई रडत होती, हसत होती. म्हणाली, दार वाजलं, उघडलं तर— मागून धाकटीचा आवाज आला. भूक लागली म्हणत होती.

म्हटलं, आई, अजून वेळ आहे, नुसतं नको म्हण.

आई म्हणाली, थांब हं, तिला वाढते आधी. आणि फोन—

बोटं गार. पुन्हा लावते. उचलत नाही. आई, अगं मीही तुझीच मु—