बाबांच्या सालाची मस्टँग

बुधवार, क्रेगीबर्न

टायरखाली लिंबू ठेवताना पुन्हा गाडीच्या दारामागच्या त्या पट्टीकडे लक्ष गेलं. माझ्या मित्राने, नितीनने, ही मस्टँग सदुसष्टची म्हणून घेतली, खास त्याच्या बाबांच्या जन्मसालाची. पण सदुसष्टला दारामागे हवेच्या दोन खोट्या खाचा असायच्या. नुसती पट्टी आली अडुसष्टला. सांगावं का? गाडी परत करायची मुदत उद्यापर्यंतच. बाबा बॉनेटला कुंकू लावत म्हणाले, "आम्ही एकाच वयाचे. हिचे गुडघे तरी शाबूत आहेत!" सगळे हसले, मीही. पट्टी डोक्यातून जात नाही. दुसऱ्याचा आनंद तपासत बसायचं, याचाच थकवा आलाय.

गुरुवारी सकाळी नितीनला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मेट, बाबांचं सालही शाळेत मास्तरांनी अंदाजानेच घातलंय." गाडी त्याने ठेवली.