घरबसल्या पदवी

अहो,

'शिकवणारं माणूस शेजारी नसेल, तर पेशंटला हात लावू नकोस गं बाई,' असं आत्या म्हणाली होती, मी नर्सिंगला निघाले तेव्हा. तिचा तो मऊ आवाज अजून कानात आहे.

तुम्ही माझ्यासाठी निवडलेल्या नर्स प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे पेशंट तपासून औषध लिहून देणाऱ्या नर्सच्या, पदवीचं माहितीपत्रक वाचलं. मुखपृष्ठावरच्या बाईने स्टेथोस्कोप कानात उलटा घातलाय, आणि हे मला छाती तपासायला शिकवणार! धडे मोबाईलवर, पेशंट आणि शिकवणारा डॉक्टर मात्र आपला आपण शोधायचा. म्हणजे फी घेऊन नुसते आशीर्वाद. तुम्हाला त्यातला एकच शब्द आवडला, 'घरबसल्या'. भावजींनाही कौतुकाने वाचून दाखवलात.

मी त्याच पदवीसाठी हॉस्पिटलच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला निघालेय. तिथे वॉर्डातच शिकवतात, दोन वर्षं वसतिगृहात राहावं लागतं. आईंना रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर द्या. दूध तापवताना समोर उभे राहा, ते मोबाईलवरून तापत नाही.

इतके दिवस बोलले नाही, ते आता लिहिते. तुमचा अभ्यासक्रम सोन्यासारखा असता, तरी मी गेलेच असते. मला दोन वर्षं तुमच्यापासून लांब राहायचंय.