चौकड्यांचा शर्ट

माजिवडा, ठाणे
गुरुवार, ९ नोव्हेंबर १९९५

जनीवहिनी,

मालूचा नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. आईचा गुडघा आता बरा आहे हे वाचून बरं वाटलं. माझ्याकडे कॉलेजच्या सहामाहीच्या पेपरांचा ढीग पडलाय.

दिवाळीत आले नाही म्हणून तू रागावलीस. परीक्षेचं कारण दिलं ते खोटं होतं. दादा जाऊन तीन महिने झाले, त्या घरात तुझ्यासमोर बसायची माझी हिंमत होत नाही. डोंबिवली काही लांब नाही, तरी लिहून कळवतेय, कारण तू समोर असलीस की मी पुन्हा आईच्या गुडघ्यावरच बोलत बसेन.

रंगाच्या कारखान्याने दादाच्या जागी तुला घेतलंय, त्याच पॅकिंग खात्यात, आणि सोमवारी रुजू व्हायचंय असं तू लिहिलंस. वहिनी, जाऊ नकोस. एवढ्यावर तू ऐकणार नाहीस, म्हणून सगळंच सांगते.

त्र्याऐंशी साली मी दर शनिवारी दादाचा शर्ट तुझ्या हातातून काढून घ्यायचे, आठवतं? "वहिनी, हा धुऊ नकोस, मी नेते." नणंद भावाचे कपडे धुते म्हणून तू शेजारच्या हौसाबाईंना कौतुकाने सांगायचीस. मी शर्टावर बसलेली रंगाची भुकटी भिजवून तिचं केशरी पाणी प्रयोगशाळेत नेत होते.

माझ्या प्रबंधाचा विषय डीएनए होता. पीळ दिलेली दोरीची शिडी समज, शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असलेली. शरीर कसं घडायचं ते तिच्या पायऱ्यांच्या क्रमावर ठरतं. काही रंगांचे रेणू इतके सपाट असतात की दोन पायऱ्यांच्या फटीत शिरून बसतात. मग पीळ सैल होतो, शिडी थोडी लांबते, आणि तिची नवी प्रत निघताना चूक होऊ शकते. कुठले रंग असे शिरतात ते मी तपासत होते.

डीएनएसुद्धा दादानेच आणून दिला. परदेशातून मागवायला सहा महिने लागायचे. मग सुट्टीच्या दिवशी तो खाडीत जाळं टाकायचा आणि नर मासे निवडून माझ्यासाठी ठेवायचा. त्यांच्या पोटातल्या पांढऱ्या पिशव्यांत डीएनए भरपूर असतो.

शर्टाचं पाणी आणि डीएनए एकत्र केलं त्या दिवशी नळीतला रंग किंचित फिका पडला, यंत्रावरची रेघ सरकली. रंग शिडीत जाऊन बसला होता. मला इतका आनंद झाला की मी धावत येऊन दादाला सांगितलं. तो हसला. "तुझे शिडीला आमचा रंग लागला का गो? आमचे उशीला पन लागलाय." मीही हसले.

माणसाला यातून काही होईल का, असं मी माझ्या मार्गदर्शक सरांना विचारलं होतं. नळीतलं माणसाला लगेच लागू होत नाही, असं ते म्हणाले. ते आजही खरं आहे. दादाचा मूत्राशयाचा कॅन्सर त्याच भुकटीने झाला हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण सरांचं ते वाक्य मला तेव्हा फार सोयीचं होतं.

कारण त्याच महिन्यात दादा मला म्हणाला, "गेटवर जागा झालीय, अर्ज टाकू का?" मी त्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. मला अजून चार शर्ट हवे होते, वहिनी. दिवाळीपर्यंत गेटवर दुसरा माणूस लागला आणि दादा पुढची बारा वर्षं त्या भुकटीतच राहिला.

चारपैकी तीनच पुरले. दादाच्या बाराव्याला तू पेटीत जो शोधत होतीस, तुझ्या माहेरून आलेला निळ्या चौकड्यांचा, तो चौथा. माझ्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, तसाच, न धुतलेला. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी दादाचे आभार मानलेत. ते पान त्याने घडी करून पाकिटात जपलं होतं, हे तूच मला दाखवलंस.

माझ्याबद्दल तुला जे वाटायचं ते वाटू दे. सोमवारी जाऊ नकोस.

तुझ्याकडे माफी मागायलाही तोंड न उरलेली,
मालू


मोठागाव, डोंबिवली
रविवार, १२ नोव्हेंबर

मालू,

पत्र काल आलं. आईंना वाचून दाखवलं नाही.

उद्या मी जात नाही.

शिडीचं मला अर्धं कळलं. गेटचं सगळं कळलं. गेटवरची जागा गेली तेव्हापासून मी ह्यांना बोलत आले. साधा अर्ज टाकायला जमला नाही, आळशी, घाबरट, काय काय बोलले. दवाखान्यात पण बोलले. ते नुसते म्हणायचे, राहून गेलं गो. तुझं नाव एकदाही घेतलं नाही.

आता बोललेलं परत कसं घेऊ ते तुझ्या पुस्तकात असेल तर कळव.

शर्ट घेऊन ये. धुऊ नकोस.

जनी