डाव्या बाजूचा बोल्ट

प्रिय दादा,

पत्र बघून दचकशील, म्हणून आधीच सांगते, घरी सगळं ठीक आहे. बाबा बरे आहेत. काठी घेऊन का होईना, रोज वर्कशॉपपर्यंत चालत येतात आणि आल्या आल्या माझ्या कामात खोड काढतात, म्हणजे तब्येत उत्तमच म्हणायची. फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवरचं आपलं बोलणं ठरून गेलेलं आहे. तू विचारतोस, बाबा जेवले का. मी विचारते, छकुली शाळेत रमली का. मग तू म्हणतोस, बरं, ठेवतो. मला जे सांगायचंय ते या तीन वाक्यांत कुठेच बसत नाही. आज वर्कशॉपला सुट्टी आहे. शटर अर्धं ओढून बाबांच्या टेबलाशी बसलेय. कागदाला ग्रीसचा डाग पडलाच, तेवढा चालवून घे.

बातमी एकच आहे आणि ती तुला आवडणार नाही. आपली उंटीण, ती जुनी पिकअप, मी पुन्हा रस्त्यावर आणली. हे वाचून तू पत्र बाजूला ठेवशील, मला माहीत आहे. चहा पिऊन ये हवं तर, पण परत ये.

पाच वर्षं ती मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मी रोज तिच्या शेजारून जायचे आणि रोज मान दुसरीकडे वळवायचे. या वर्षी बाबाच म्हणाले की गाडी अशी कुजवायची नसते, एक तर उभी कर नाही तर भंगारात दे. मग ताडपत्री काढली. टपाची चेपलेली बाजू, फुटलेली काच, सीटखाली तुझा एक हातमोजा. पहिले दोन दिवस मी नुसती झाडलोट करत राहिले, पान्याला हात लागेना.

तुला आठवतं, आपण तिला उंच केली तेव्हा बाबा कसे हसले होते? त्यांचं सगळं आयुष्य गाड्यांचे धक्के झेलणारे पाटे बसवण्यात गेलेलं. भरलेल्या पेल्यातलं पाणी हिंदकळू न देता गाडी गावातून नेता आली पाहिजे, हा त्यांचा हिशोब. आणि आपण काय केलं, तर चांगली चालती पिकअप वीतभर वर उचलली, नांगराच्या फाळासारखी नक्षी असलेले टायर चढवले, आणि खडकावर आदळली तरी बेहत्तर म्हणून मागचे पाटे लोखंडी पलंगासारखे कडक करून ठेवले. डोंगरात ती राणी होती, हे बाबाही मान्य करायचे. डांबरावर मात्र तिची पार त्रेधा उडायची. मागचा हौदा रिकामा असला की रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर ती टुणकन उडायची. टायरांची घरघर इतकी, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं. स्टिअरिंग सरळ धरलं तरी ती आपल्या मनाने या कडेला, त्या कडेला फिरायची, आणि वळणावर पेंगुळलेल्या माणसासारखी एका अंगावर कलायची. पहिल्या फेरीनंतर बाबा कंबर धरून उतरले आणि तिचं नाव उंटीण ठेवून मोकळे झाले. नंतर आपल्या दोघांना समोर उभं करून म्हणाले, "डोंगरात तुम्ही असणार दोन तास. तिथे जायला-यायला डांबरावर चार तास. गाडी बांधताय कुणासाठी, त्या दोन तासांसाठी की या चार तासांसाठी?" आपण काय हसलो होतो. आज गिऱ्हाईक उंच केलेली गाडी घेऊन आलं की मी तोच प्रश्न विचारते, तेही हसतात.

यावेळी मी तिला आधी होती तशीच बांधली. तेवढीच उंच, तेच कडक पाटे, तसलेच टायर. बाबांना वाटलं मी वेडी झाले. मग एका सकाळी तिला जुन्या गोदामांमागच्या सिमेंटच्या मैदानावर नेलं, रंगाचे रिकामे डबे मांडले आणि हेल्मेट घालून एकटीच बसले. डबा आडवा आला की एका बाजूला काढायची, लगेच परत आपल्या रांगेत आणायची. पंचेचाळीसला केलं, पन्नासला केलं, पंचावन्नला केलं. कलते, करकरते, पण सावरते रे. पंचावन्नलाही सावरते. मग मी खाली उतरले, पुढच्या स्टॅबिलायझर दांडीची एका बाजूची कडी सोडली आणि चाळीसला तेच केलं. पहिल्या झोल्याला काही झालं नाही. परत फिरवताना मात्र सगळा सांगाडा दुसऱ्या अंगावर असा काही आला की आतलं चाक जमीन सोडतंय हे मला बुडाखाली कळलं. ब्रेक मारला. पंधरा मिनिटं मला दार उघडता आलं नाही.

तू विचारशील, दांडी सोडून कशाला बघितलंस.

वहिनी हे पत्र वाचणार असेल तर तिच्यासाठी लिहिते, तुला हे शिकवायला नको. ती आडवी दांडी पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी बांधून ठेवते. रस्त्यावर वळणात गाडी फार कलू नये, हे तिचं काम. खडकात मात्र ती चाकांना वरखाली मोकळं होऊ देत नाही, म्हणून डोंगरात शिरण्याआधी आपण तिच्या टोकाच्या कड्या सोडायचो आणि परत डांबराला लागण्याआधी जोडायचो. एक बाजू जोडायची राहिली तरी दांडी असून नसल्यासारखी. आपली वाटणी ठरलेली होती. टायरमधली कमी केलेली हवा परत भरायची ती तू, आणि गाडीखाली शिरून दांडी जोडायची ती मी. म्हणून तर तू मला पाना म्हणायचास.

त्या दिवशी किती छान गेला होता वेळ. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदा आपल्याबरोबर नदीच्या कोरड्या पात्रात आले होते. दगडावर बसून संत्री सोलून देत होते आणि तू उंटीण चढावर नेलीस तेव्हा त्यांनी चक्क टाळी वाजवली होती. निघताना तू हवा भरायला लागलास, मी खाली शिरले. उजवी कडी लगेच बसली. डावीचं भोक जुळेना, कारण ते चाक दगडावर चढलेलं होतं. गाडी हातभर पुढे घेतली असती तर बोल्ट सहज गेला असता. तेच तुला सांगायला मी बोल्ट खिशात टाकून बाहेर आले. माझं तोंड धुळीने माखलेलं. तू बाटलीतलं पाणी माझ्या अंगावर उडवलंस, मी तुझ्यामागे धावले, बाबा मागच्या सीटवर बसून हसत होते. मग तू स्टिअरिंगवर बसत विचारलंस, "झालं का गं, पाना?" आणि मी म्हणाले, "झालं."

खोटं बोलायचं म्हणून नाही बोलले, दादा. त्या क्षणी मला खरंच वाटलं की झालं. पाच वर्षं मी त्या एका शब्दाचं कारण शोधतेय. थकले होते म्हणावं तर थकले नव्हते. घाई म्हणावी तर कसलीच घाई नव्हती. मी खूश होते, एवढंच.

पुढचं तुला माझ्याइतकंच आठवतंय. वळणावर तो सायकलवाला मध्ये आला, तू बाजूला काढलीस, तो वाचला. परत आपल्या बाजूला घेतलीस आणि गाडी घरंगळल्यासारखी आडवी झाली. बाबांचा तो आवाज. मी पुढे, तुझ्या शेजारी बसले होते. काटा पंचेचाळीसवर होता. मी पाहिला होता. तू मात्र पोलिसांना सांगितलंस की मी वेगात होतो, साठच्या वर असेन. डॉक्टरांना तेच, बाबांना तेच. कुणी न विचारताही सांगत सुटला होतास. आणि मी शेजारी उभी राहून ऐकत होते.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर तू माझा हात धरून बसला होतास. थोड्या वेळाने मी रुमालासाठी खिशात हात घातला आणि बोल्ट हाताला लागला. त्याच वेळी तू मला म्हणत होतास की यात तुझा काही दोष नाही, तू घाबरू नकोस, मी बघतो सगळं. मी बोल्ट मुठीत दाबून खिशातच ठेवला. दुसऱ्या दिवशी क्रेनने गाडी वर्कशॉपमध्ये टाकली. तू दवाखान्यात होतास, इथे मी एकटी. डावी कडी लोंबत होती. मी खाली शिरले आणि तो बोल्ट जागेवर घालून घट्ट पिळला. दोन दिवसांनी विम्याचा माणूस येऊन सगळं तपासून गेला आणि त्याने वेग असं कारण लिहिलं. मी त्याला चहा दिला.

हे विसरले होते म्हणण्याची सोय मला नाही. पहिली गोष्ट चूक होती, दुसरी मी ठरवून केली. वाटलं होतं, बाबा चालायला लागले की सांगेन. बाबा चालायला लागले तेव्हा तू गाव सोडून गेला होतास. मग वाटलं, तुझा संसार नीट बसला की सांगेन. दर वर्षी सांगणं जास्त जड होत गेलं आणि तू फोनवर जास्त गप्प होत गेलास. बोल्ट बसलेला असता तर गाडी उलटलीच नसती असं मी छातीठोक सांगू शकत नाही. त्या दिवशी मागे बाबा होते, हौद्यात सामान होतं, रस्ता उतरता होता. पण वेग तुझा नव्हता, हे मी सांगू शकते. आणि त्या मैदानावर जे माझ्या बुडाखाली कळलं, ते मला आता कुणी नाही म्हणून पटवू शकणार नाही.

मैदानावरून आल्यावर मी उंटिणीची उंची कमी केली. पाटे बाबांकडून नरम बसवून घेतले, टायर साधे घातले. आता ती अशी चालते की मागे बसून बाबा डुलकी काढतात. आज सकाळी त्यांना एक फेरी मारून आणली आणि परत येताना रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून सगळं सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठल्या बाजूचा राहिला?" मी म्हटलं डाव्या. ते म्हणाले, चाक दगडावर चढलं असणार. मी हो म्हटलं. नंतर त्यांनी काठीवरची मूठ सोडली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "माझं हाड जुळलं गं. त्याचं जुळायचंय. त्याला आजच लिही."

पण खरं सांगू का, बाबांनी सांगितलं नसतं तरी आज लिहिणारच होते. परवा वहिनीचा फोन आला होता. तू घरी नसताना, दार लावून बोलत होती. गेल्या आठवड्यात छकुलीला ताप चढून डोळे फिरले, वहिनीचा उजवा हात प्लास्टरमध्ये, खाली तिची गाडी उभी, किल्ली खुंटीला. आणि तू पोरीला छातीशी धरून भर दुपारी रस्त्यावर चाळीस मिनिटं टॅक्सीची वाट बघत उभा राहिलास. वहिनी म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी किल्ली हातात घेतली, हात थरथरायला लागले, परत ठेवली. पोर आता बरी आहे, पण तेव्हापासून ते तिच्याकडे बघत नाहीत. ती रडत नव्हती, नुसतं सांगत होती, आणि शेवटी म्हणाली, तुम्ही बहीणभाऊ एकमेकांजवळ वाढलात, तुम्हाला काही सुचत असेल तर करा. मला काय सुचणार होतं, दादा? माझ्याकडे तर पाच वर्षांपासून होतंच ते. तुझे हात ज्या गोष्टीने थरथरतात ती तू केलेली नाहीस. ती मी केली, आणि वर तिचा दोष तुला घेऊ दिला. तुला माझ्यावर चिडायचं असेल तर वर्षभर चीड, बोलू नकोस, माझी काही तक्रार नाही. फक्त त्या पोरीच्या अंगावरून नजर काढू नकोस. येत्या रविवारी मी आणि बाबा उंटीण घेऊन तुझ्याकडे येतोय. तू दार उघडलं नाहीस तर आम्ही खाली गाडीत बसून राहू. बाबांनी दोन वेळचा डबा बरोबर घ्यायला सांगितलाय.

तू कसाही वागलास तरी तुझीच,
पाना