पाचशेची खोटी नोट

प्रिय सविता,

तू मिरजगावला माहेरी गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले. आदिनाथ फोन लावतो, तू उचलत नाहीस. नवऱ्याचं ऐकत नाही म्हटल्यावर सासूनंच लिहायला घेतलं. सातवीपर्यंतचं शिक्षण माझं, अक्षराला हसू नकोस. लई थकले गं. राहात्याच्या बाजारात पेरूच्या पाट्या मांडते, पण गिऱ्हाइकाला हाक मारायचं जिवावर येतं.

तू नवी नवरी होतीस तेव्हा मी तुला आधी स्वयंपाक नाही, नोट ओळखायला शिकवलं. पाचशेची तिरकी धरली की हिरवी तार निळी दिसते, कडेच्या रेघा अंगठ्याला लागतात, उजेडात कोऱ्या जागेत गांधीबाबा उमटतात. तू मात्र मागचा लाल किल्ला बघत बसलीस अन् दिल्लीला कधी जायचं म्हणून विचारलंस. अख्खा बाजार माझ्याकडे नोटा घेऊन यायचा. भाजीवाली बायडाबाई तर माझ्या अंगठ्याला मशीन म्हणायची. मेलं तेच डोक्यात गेलं माझ्या.

त्या दिवशी पतपेढीत आपल्या गल्ल्यातली नोट खोटी निघाली. ओळखीच्या चार बाया बघत होत्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, खरी नोट हिनं भावाला दिली अन् ही सरकवली. तू पिशवी माझ्या हातात दिलीस अन् सरळ एसटीत बसलीस. तेव्हापासून घरात कुणी धड जेवत नाही.

आता खरं लिहिते. दिवसाची पहिली विक्री, भवानी, मीच घेते. त्या नोटेला कुंकू लावते, कपाळाला टेकवते अन् न बघता गल्ल्यात टाकते. भवानी पारखायची नसते, लक्ष्मीवर संशय नको, हे माझंच खूळ. त्या सकाळी शिर्डीला निघालेल्या एका गाडीवाल्यानं पाचशेची दिली होती. पतपेढीच्या कारकुनानं नोट बघायला पुढं केली, तेव्हा कोपऱ्यावर माझ्याच बोटाचं कुंकू होतं. मी ते पदरानं पुसलं, सविता, अन् मग तुझं नाव घेतलं. काल भर बाजारात हे सगळ्यांना सांगितलं. बायडाबाई माझ्याशी बोलली नाही. तू ये, नको येऊस, तुझी मर्जी. पण हे पत्र तुझ्या भावाला, ओमला वाचून दाखव. त्या पोरालाही मी चोर केलं होतं.

तुझीच,
आत्याबाई