हात आधी कोणी काढला

अकोला, ता. ९ फेब्रुवारी १९३६, रविवार

मधूच्या घरच्या वखारीत बसलो. मी, मधू, विनायक. कापसाच्या गाठींवर सतरंजी टाकली की आमचा वर्ग सुरू. विनायक 'भागीदारी'चा धडा डोळे मिटून मोठ्यानं म्हणतो, आरती म्हटल्यासारखा. मधात अडला की पुन्हा पहिल्यापासून. मधू म्हणाला, "अबे, नारळ फोडू का आता?" हसून हसून पोट दुखलं. विनायकही हसला. त्याचं हेच वाईट, त्याच्यावर चिडता येत नाही.

कॉमर्सची परीक्षा एप्रिलात, अमरावतीला. हिशेब मला येतात. 'बाजारपद्धती' मात्र मधूकडूनच शिकावी लागते. दलालाचा पोरगा, वखारीतच वाढला. पुस्तकात सगळं लंडनचं, अन् प्रश्न विचारतात म्हणे आपल्या कापूसबाजारावर. आज त्यानं उपरण्याखालचा भाव दाखवला. दलाल अन् व्यापारी, दोघांचे हात उपरण्याखाली. बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती बाजार उभा असला तरी कोणाला पत्ता नाही.

मी मधूची बोटं दाबून राहिलो होतो, तेवढ्यात इंदू चहा घेऊन आली. मधूची धाकटी बहीण. बघितलं नि म्हणाली, "भाव सांगून राहिले का हात मोडून राहिले?"

विनायकाला ती 'विनायकभाऊ' म्हणते. मला नुसतं 'तुमी'. मधूचा दोस्त म्हणून या घरात यायला लागलो त्याला वर्ष होत आलं. एकदाही भाऊ म्हणाली नाही. एवढ्यावरच जगून राहिलो आहे.

ता. ११, मंगळ.

चांदूर बाजारहून बाबांचं पत्र. बगीच्यात संत्र्याला फूल चांगलं आहे. शेवटी नेहमीचं: कॉलेज मधात सोडलं, हे तरी पुरं करजो.

अमरावतीच्या कॉलेजचं इथे कधी लिहिलं नाही. लिहून टाकतो. वर्गात उभा राहून उत्तर देत होतो, तोंडून निघालं 'मले वाटते'. प्रोफेसर पुण्याकडचे. म्हणाले, हे भाजीबाजारात बोला. वर्ग हसला. माझी आई आठवडी बाजारात भाजीच विकते. मी टोपी उचलली, बाहेर आलो, पुन्हा गेलो नाही. रागावलो त्याचं मला काही वाटत नाही. पुन्हा गेलो नाही, त्याचं कधी कधी

जाऊ दे.

ता. १६, रवि.

लिहितोच.

काकाजींनी, म्हणजे मधूच्या वडिलांनी, त्याला गाड्या मोजून घ्यायला बोलावलं. विनायक त्याच्या मागं गेला. इं. कपबशा न्यायला आली. मी म्हटलं, थांब. धीर कुठून आला माहीत नाही. म्हटलं, "पास झालो का काकाजीजवळ शब्द टाकतो. तुह्यं काय ते सांग." तिनं दाराकडं बघितलं. दार सताड उघडं, बाहेर हमाल. मी उपरणं पुढं केलं. "तोंडानं नको सांगू. याच्याखाली सांग. हो असंन तं एक बोट दाब."

कप खाली ठेवला तिनं. हात घातला उपरण्याखाली. भांडी घासून आलेला ओला हात. तिचं बोट माझ्या बोटावर. दाबलं नव्हतं अजून.

हळूच म्हणाली, "आंधी एक सांगा. परीक्षेले बसान नं पुरे? का कॉलेजासारखं…"

डोक्यात जाळ. हात खेचला. "तूही त्यायच्यातलीच!" असं काहीसं बोललो. उपरणं झटकलं, निघून आलो. चपला हातात घेऊन रस्त्यानं चाललो होतो, हे भाजीवालीनं हटकलं तेव्हा कळलं.

उद्या जाईन. माझा राग तिला ठाऊक आहे. उद्या जाऊन सरळ

ता. १७

नाही गेलो.

ता. २३, रवि.

गेलो. चहा काकूंनी, मधूच्या आईनं, आणला. इं. दिसली नाही.

बाजारपद्धतीची उजळणी. विनायकानं मधूला विचारलं, "समजा भाव जमलाच नाही, तं?"

"तं काही नाही. हात धरून ठेवाचा, पुन्हा बोट दाबाचं. घासाघीस चालूच. पन हात काढला का खलास. ज्यानं आंधी काढला त्यानं सौदा मोडला. मंग त्या मालावर त्यानं पुन्हा हात टाकाचा नाही. दुसरा येते."

"अन् चुकून काढला? शिंक आली समजा?"

"दुसऱ्या हातानं नाक पूस ना बाप्पा! आमचे काकाजी इंचू चावला तरी हात काढत नाही."

विनायकानं सगळं उतरून घेतलं, शिंकेसकट. मी काही लिहिलं नाही. इं. दलालाची पोरगी. तिला हे कोणी शिकवावं लागतं थोडंच. खेळण्याच्या वयापासून बापाच्या मांडीवर बसून बघत आली असेल.

तिला वाटलं असेल, मी सौदा मोडला.

मी तर नुसता चिडलो होतो.

ता. २ मार्च, सोम.

राजेश्वराच्या देवळात इं.ला गाठलं. काकू पुढं फुलं घेऊन होत्या, ती मागं. म्हटलं, "ते रागात झालं. तसं नव्हतं मनात." तिनं वर बघितलं नाही. "पायरी ओली हाय, जपून उतरा," म्हणाली नि काकूंच्या मागं गेली.

दिवसभर तेच घोळून राहिलं. 'जपून उतरा' यात काही आहे का? कोरडं आहे का माया आहे? नोकरीवर, कापसाच्या जिनात, काट्यावर वजनं चुकीची वाचली, मुनीमजी बोलले. बोलू देत.

ता. ९ मार्च, धुळवड

सकाळी दार वाजलं. विनायक. नखशिखान्त रंग, चष्म्याच्या काचा गुलाबी. हातात पेढे.

"नारायणराव, आंधी तुमालेच सांगतो. काकाजीनं हो म्हटलं."

"कायले?"

"इंदूसाठी. आमच्या घरून काल इचारलं होतं. पन अट हाय, मी पास झालो तरच. अन् तुमाले तं माहीत हाय, भागीदारी मोडतानीचा हिशेब माह्या डोक्यात घुसतच नाही. तुमी शिकवा. तुमच्याबिगर कोन हाय मले?"

माझ्या कपाळाला गुलाल लावला. मिठी मारली. त्याला काही म्हणजे काही माहीत नाही. मधूलाही नाही. कोणालाच नाही, ती अन् मी सोडून.

पेढा खाल्ला मी. खावा लागला. गुलाल धुतला, पुन्हा धुतला, जात नाही.

ता. १०

शिकवणार नाही. नाही म्हणजे नाही. होऊ दे नापास. काकाजी शब्दाचे पक्के, अटही पाळतील.

अन् मग काय, ती माझी होईल? हात काढणाऱ्याची?

दुसरा येते. मधू किती सहज बोलला.

ता. १५, रवि.

वखारीत गेलो नाही. पेटी भरली. परवाच्या मोटारीनं चांदूर. बगीच्याला पाणी देईन, बाबा बोलतील ते ऐकीन. परीक्षाबिरीक्षा काही नाही.

दुपारी मधू आला. पेटीकडं बघितलं. "हे काय बे? विन्या तिकडं पुस्तक घेऊन रडाले आला, अन् तू सासरी चालला का काय?"

मी पेटीला कडी लावली. तो खाटेवर बसला, पाय हलवत राहिला. जाताना म्हणाला, "घरी तोंड दाखवून जाजो. काकूनं तुह्यासाठी चकल्या ठेवल्या."

ता. १६, सोम.

निरोप घ्यायला गेलो. आज इं. स्वतः चहा घेऊन आली. विनायकापुढं कप ठेवला, पदर सावरला, बोलली काही नाही. कालपरवापर्यंत त्याला तोंडभर 'विनायकभाऊ' म्हणायची. आता कसं म्हणेल.

मग माझ्याकडं वळली. "नारायणभाऊ, चहा घ्या."

सगळ्यांसमोर. स्वच्छ आवाजात. कप घेतला, एका दमात रिकामा केला.

निघताना चपला घालत होतो. ती दाराशी चकल्यांचा डबा घेऊन उभी. म्हटलं, "आता भाऊच का?"

"हात तुमी काढला. मी धरून होती."

"रागात काढला मी. तुले माहीत नाही का माहा राग?"

"माहीत हाय. म्हनून तं इचारत होती."

मी पुन्हा पेटलो. "मंग ऐक. चाललो मी चांदूरले. परीक्षा गेली खड्ड्यात."

ती चिडेल वाटलं. रडेल वाटलं. डबा माझ्या हातात दिला, म्हणाली, "जा. त्या दिवशी मले येवढंच जानून घ्याचं होतं."

आत गेली.

ता. १७

मोटार गेली. मी बसलो नाही.

अड्ड्यावरून पेटी घेऊन तसाच वखारीत. विनायक एकटाच, डोळे मिटून, 'भागीदारी' पहिल्यापासून. म्हटलं, "डोळे उघड. पुस्तक मिट. बस."

पाठांतरानं त्याला काही होत नाही. म्हटलं, दोघा भावांचा संत्र्याचा बगीचा आहे असं समज. दोघांचं बिनसलं, वेगळे निघाले. बगीच्याचं काय काय होईल ते तू सांग. आधी बाहेरच्यांचं चुकतं करायचं का भावांनी आपापलं घ्यायचं? तो म्हणाला, "आंधी बाहेरच्यायचं. नाही तं गावात तोंड कसं दाखवतीन?" म्हटलं, हेच पुस्तकात आहे, इंग्रजीत.

तोंड उघडंच राहिलं त्याचं. "येवढंच होतं व्हय?"

एवढंच होतं. कशासाठी शिकवलं मला विचारू नये कोणी. त्याच्यासाठी नाही. ती म्हणाली 'जा', म्हणून गेलो नाही.

ता. २४, पाडवा

काकूंनी दोघांनाही जेवायला बोलावलं. पुरणपोळी. काकूंनी विनायकाला आग्रह करून वाढली. मलाही केला, पण तो वेगळा. निकाल लागला की ज्येष्ठातला मुहूर्त बघतील म्हणे. इं. वाढायला आली नाही, सैपाकघरात होती. बांगड्या वाजल्या की माझा घास थांबायचा. विनायकाचाही थांबत होता. दोघं एकाच वेळी थांबायचो.

अमरावती, ता. ५ एप्रिल, रवि.

बडनेऱ्याला गाडी बदलून दुपारी पोचलो. धर्मशाळेत उतरलो. विनायक लगेच धडे म्हणू लागला. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या यात्रेकरणीनं हात जोडले अन् "कोनतं स्तोत्र हाय बाबू?" म्हणून विचारलं. मधू लोळला हसून.

संध्याकाळी एकटाच कॉलेजकडं गेलो. फाटकाबाहेरचं लिंबाचं झाड तेच. आत गेलो नाही. राग शोधून पाहिला, सापडला नाही धड. त्याच्या जागी दुसरंच काही बसलं आहे.

ता. ८, बुध.

शेवटचा पेपर, बाजारपद्धती. आला तो प्रश्न. उपरण्याखालच्या व्यवहाराची पद्धत सांगा, सौदा केव्हा मोडला असे धरतात तेही लिहा.

पद्धत लिहिली. मग पेन थांबलं. ऊन मी म्हणत होतं. अर्ध्या वेळात पोरं उठून जायला लागली. टोपी समोर बाकावर होती. पाय जुन्या सवयीनं हलले. उचलायची नि बाहेर. कोणी काही म्हणालं नसतं.

लिहिलं शेवटी. ज्याचा हात आधी निघाला, त्याने सौदा मोडला असे धरतात. कारण विचारत नाहीत. इंग्रजीत केवढंसं वाक्य झालं ते.

त्यानंतर लिहायला उरलं नव्हतं काही. तरी घंटा होईपर्यंत बसलो.

मधू आमच्या आधीच अकोल्याला निघून गेला होता. बडनेऱ्याहून गाडीत मी नि विनायक. गर्दी. त्यानं उपरणं दोघांच्या मांडीवर पसरलं, खालून माझा हात धरला. "वळखा, आज माहे किती प्रश्न बरोबर आले? बोटं दाबून सांगतो." लहान पोरासारखा. सगळी बोटं दाबली त्यानं.

हात खेचून घ्यावा, गाडीतून उतरावं, असं झालं.

तो तसाच झोपला, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. मी हात तिथंच ठेवला.

अकोला, ता. १२, रवि.

मधू खोलीवर आला. इकडचं तिकडचं बोलला. मग टोपी फिरवत म्हणाला, "इंदीनं एक इचाराले सांगतलं. मले काही समजलं नाही बाप्पा. म्हने, नारायण शेवटच्या पेपरले पुरे बसले का?"

'नारायण'. "भाऊ म्हणाली का नुसतं नारायण?" विचारलं मी.

"आता ते कोन ध्यानात ठेवते बे! बसला होता का नाही? मी तं आंधीच उठलो."

"सांग तिले, घंटा होयपर्यंत बसलो."

"येवढंच?"

"येवढंच."

"पास होशीन का काय, ते?"

"ते नाही इचारलं नं तिनं."

"नाही." तो उठला.

"मध्या, विनायकाचं इचारलं का?"

"त्याचं कायले इचारन? तो बसनारच."

सायकलवर गेला. मी दारातच उभा राहिलो, मग आत येऊन हे लिहायला बसलो. मधूचं घर ताजनापेठेत, इथून काही लांब नाही. एव्हाना घरी पोचला असेल. चपला काढत असेल, ती पाणी घेऊन आली असेल.